नऊ भाकऱ्यांचा हिशोब



मी उधन्याची. सुरतेतलं उधना. जळगाव-धुळ्याकडचे लोक हसतील, कारण त्यांचा कुणी ना कुणी मामा, काका, जावई इथे लूमवर असतोच. भुसावळहून येणारी गाडी सुरतेच्या आधी उधन्याला थांबते आणि आमच्याकडची निम्मी माणसं तिथेच उतरतात. माझे आबाही असेच उतरले होते. आज मी डबे करते. रोजचे साठ-पासष्ट. खाणारे बहुतेक एकटे राहणारे कारागीर, कुणी नंदुरबारचा, कुणी ओडिशातल्या गंजामचा.

मला विषय दिलाय तो असा, की अगदी कमी पैशांत घरचा स्वयंपाक कसा भागवायचा. यावर मोबाइलवर ढिगाने व्हिडिओ आहेत. वीस रुपयांत भाजी, तीस रुपयांत पाच जणांचं जेवण. मी ते आवडीने बघते. पण त्यात कांदा-बटाटा मोजतात आणि गॅस फुकट धरतात. तेलाची बाटली तर जणू नळाला लावलेली असते! म्हणून आधी गॅसचं बोलू.

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. भाव गावागणिक वेगळा, हिशोबाला ८५० रुपये धरू. म्हणजे किलोला साठ. मोठा बर्नर पूर्ण आचेवर तासभर चालला की साधारण दीडशे ग्रॅम जातो, म्हणजे नऊ रुपये. आता पाव किलो हरभरे न भिजवता पातेल्यात शिजवायला बसलात तर दीड तास कुठे गेला कळत नाही. तेच रात्री भिजवले, सकाळी कुकरला लावले, शिटी झाल्यावर आच बारीक केली आणि वाफ आपोआप जिरू दिली, तर वीस-पंचवीस मिनिटांत काम होतं, तेही बरंचसं बारीक आचेवर. एका वेळेला दहा रुपये वाचले. ज्याच्या घरी दहा रुपये मोजावे लागत नाहीत त्याला हे कंजूषपणाचं वाटेल. वाटू दे.

भाताला चांगली उकळी आली, पाच-सात मिनिटं शिजला, की झाकण घट्ट लावून पातेलं जुन्या गोधडीत गुंडाळायचं. पाऊण तासात भात तयार, खाली लागायची भीती नाही. फक्त मधे झाकण उघडून बघायचं नाही. आमच्याकडे पुरुषमाणसांना तेवढा धीर नसतो.

ज्यांच्याकडे पत्त्याचा पुरावा नाही, ते पाच किलोचा छोटा सिलिंडर घेतात. त्यात किलोमागे भाव जास्त पडतो. म्हणजे परगावाहून आलेल्या माणसाला हरभरे शिजवणंही महाग. म्हणून भिजवण्याची सवय सगळ्यात जास्त त्यालाच उपयोगी.

तेलाचं माझं मत थोडं वेगळं आहे. सगळे सांगतात, तेल कमी करा. तो सल्ला पोट भरलेल्या माणसाला. ज्याच्या ताटात भाकरी आणि मिरचीचा ठेचा एवढंच आहे, त्याला त्यावर चमचाभर कच्चं शेंगदाण्याचं तेल मिळालंच पाहिजे. अंगात ताकद त्यानेच राहते आणि भाकरी घशाखाली उतरते. तेल वाचवायचं ते फोडणीत. दोन वेळच्या फोडण्यांना मोठे दोन-दोन चमचे घातले तर महिन्याला पावणेदोन लिटर तेल संपतं. भाजीला एक चमचा पुरतो. उरलेलं ताटावर घ्या.

आता १९९४ सालाबद्दल सांगते. त्या वर्षी सप्टेंबरात सुरतेत प्लेग आला. शहर रिकामं झालं. लोक मिळेल त्या गाडीने, टपावर बसून गेले. आम्हीही अमळनेरला गेलो. वीस-बावीस दिवसांनी परत आलो तेव्हा आबांच्या मशीनवर दुसरा माणूस उभा होता. पुढचे सात-आठ महिने त्यांना मिळेल ते काम, आठवड्यातून तीन दिवस, कधी चार. मी तेरा वर्षांची होते, आठवीत. गणित बरं होतं म्हणून आबांनी घरखर्चाची वही माझ्याकडे दिली. शंभर पानी, लाल पुठ्ठ्याची. त्यात मी सगळं लिहायचे. ज्वारी, रॉकेल, मीठ, धाकट्याची पेन्सिल. रोज किती भाकऱ्या झाल्या तेही लिहायचे, कारण त्यावरून दळण कधी संपेल ते कळायचं.

ती वही अजून माझ्याकडे आहे. त्या हिवाळ्यातल्या पानांवर रोज सकाळी एकच आकडा आहे, नऊ. आबांच्या तीन, दोन्ही भावांच्या दोन-दोन, माझ्या दोन. तीन, चार आणि दोन, नऊ झाल्या. घरात माणसं पाच होती.

माय नंतर बसायची. तव्यावर मोडलेला तुकडा, पातेल्याला लागलेली खरवड, आमच्या ताटात उरलं असेल ते. विचारलं की एकच उत्तर, "माले भूक नही." आणि शेजारणी म्हणायच्या, काय बाई आहे, एवढ्याशा पैशात घर कसं चालवते! खरंच चालवलं तिने. कुणाकडे उधार मागितलं नाही, आम्ही उपाशी झोपलो नाही. पण ते ज्या पैशात चाललं ते पैसे तिच्या पोटातून येत होते. पुढच्या उन्हाळ्यात ती नळावर चक्कर येऊन पडली. सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं, हिमोग्लोबिन सहा. डॉक्टरीणबाईंनी गुजरातीत विचारलं, "शुं खाओ छो, बेन?" काय खाता? माय म्हणाली, "बधुं." सगळं.

हे जुन्या काळचं म्हणून सोडून देऊ नका. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागे ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्याची कारणं बरीच आहेत, सगळ्या काही माझ्या मायसारख्या शेवटी जेवत नसतील. पण आपल्या आजूबाजूच्या घरात ताटं कोणत्या क्रमाने वाढली जातात ते एकदा बघा.

म्हणून कुणी मला स्वस्त पाककृती सांगितली की मी विचारते, यात किती जण जेवले? करणारी धरून सांगा.

पिठल्याचंच बघा. आपल्या सगळ्यांचं लाडकं. शंभर ग्रॅम बेसन, बाकी पाणी, कांदा, मिरची. पाच जणांना पुरतं, चव फक्कड. पण शंभर ग्रॅम बेसनात प्रथिनं वीस-बावीस ग्रॅम. पाच जणांत वाटली की प्रत्येकी चार. पातळ वरणाचंही तेच. पाणी वाढवलं की माणसं वाढवता येतात, डाळ वाढत नाही. पिठलं करू नका असं मी म्हणत नाही, मी स्वतः आठवड्यातून दोनदा डब्यात देते. पण रोजचा आधार पिठल्यावर ठेवला तर पोट भरतं आणि अंग रिकामं राहतं.

आमच्या खानदेशातल्या म्हाताऱ्यांनी यावर तोड काढून ठेवली होती. कळण्याची भाकरी. चार भाग ज्वारी, एक भाग अख्खे उडीद सालासकट, थोडं मीठ, एकत्र दळायचं. उडीद ज्वारीच्या दुपटीहून महाग, पण लागतो पाचवा हिस्सा. नुसत्या ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात प्रथिनं दहा ग्रॅम असतील तर कळण्यात तेरा. शिवाय ज्वारीत जे कमी असतं ते उडदात असतं आणि उडदात कमी ते ज्वारीत, त्यामुळे दोन्ही मिळून अंगी जास्त लागतं. आणि मुख्य गोष्ट, डाळ पिठातच गेली की ती शेवटी बसणारीच्या तुकड्यातही जाते. वाटीतलं वरण आधीच्यांनी संपवलं तरी भाकरीतला उडीद कुणाला निवडून खाता येत नाही!

माय दवाखान्यातून आली तेव्हा आजी अमळनेरहून आली होती. तिने पहिलं काम हे केलं, दळण बदललं. दुसरं काम, भाकऱ्या नऊच्या अकरा केल्या. पैसे कुठून आले? चहा दोनदाचा एकदा झाला आणि आबांची तंबाखू निम्म्यावर आली. आजीपुढे आबांचं काही चालायचं नाही.

रेशनचा गहू मिळत असेल तर त्यातही हेच करा. चार किलो गव्हात एक किलो हरभरा घालून दळा. पोळी जरा जाड होते, पहिले दोन दिवस मुलं कुरकुरतात. आमच्याकडचे फुनकेही असेच कामाचे. तूर, हरभरा, मुगाची डाळ भिजवायची, मिरची-लसूण घालून भरड वाटायची, मुटके करून वाफवायचे आणि कढीत बुडवून खायचे. तळायचं काही नाही. सगळ्यात चांगलं म्हणजे फुनके मोजता येतात. वीस झाले तर माणशी चार. वरण मोजता येत नाही, पळी कुणाच्या हातात आहे त्यावर ठरतं.

पाल्याचं थोडक्यात. मुळ्याचा पाला, फ्लॉवरची कोवळी पानं भाजीवाला तोडून फेकतो, मागितलं की देतो. शेवग्याचा पाला तर गल्लीच्या तोंडाशीच असतो. डाळ घालून करा, वर लिंबू पिळा, पाल्यातलं लोह त्याने अंगी लागतं. दोडक्याच्या शिरांची चटणी तुम्हाला माहीत आहेच.

माझे गिऱ्हाईक कधी गावी जाऊन येतात, कधी पैसे संपले म्हणून डबा बंद करून खोलीवर रांधतात. एका खोलीत सहा-सात जण. स्वयंपाक पाळीने, खर्च वहीत लिहून सारखा वाटलेला. मी त्यांच्या खोल्यांवर गेले आहे. वरण पातळ, भात जाड, भाजी बटाट्याची. पण तिथे रांधणारा उपाशी राहत नाही. त्याची थाळी इतरांबरोबर वाढली जाते, कारण त्याने पैसे भरले आहेत आणि तो वाटा मागायला लाजत नाही. तेच पोरगं गावी गेलं की आईने शेवटी जेवणं त्याला रीत वाटते. मी त्यांना तोंडावर सांगते हे. हसतात. एक जण मात्र गावाहून आला आणि म्हणाला, "मावशी, या वेळी मी आईचं ताट आधी वाढलं. ती रडायला लागली, मला काही कळेना." मी म्हटलं, पुढच्या वेळी पण वाढ.

माझ्या घरी आता नियम आहे. सगळी ताटं एकदम वाढायची, माझं धरून. पातेलं रिकामं झालं तर झालं, ज्याला अजून हवं त्याने ताक-भाकरी घ्यावी. सुनेला पहिल्या महिन्यात अवघड गेलं. सासूच्या आधी तर सोडाच, सासूबरोबर बसायलाही तिचा हात अडायचा.

आता रेशनचं, कारण तुम्ही वेगवेगळ्या राज्यांतून ऐकताय. अन्नसुरक्षा कायद्यात तुमचं कार्ड असेल तर माणशी महिन्याला पाच किलो धान्य, अंत्योदय कार्डाला घरामागे पस्तीस किलो. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पाच किलो म्हणजे दिवसाला साधारण १६५ ग्रॅम, त्यावर एकट्याचं पोट भरत नाही. पण धान्याचा तेवढा पैसा वाचला की तो डाळीकडे वळवता येतो. आणि कार्ड महाराष्ट्राचं, राहणं गुजरातचं, तरी धान्य मिळतं. ऑगस्ट २०१९ मध्ये ही सोय सुरू झाली तेव्हा पहिल्या जोड्यांमध्ये महाराष्ट्र आणि गुजरात होते, आता सगळ्या देशात आहे. घरातल्यांचा वाटा तोडूनही घेता येतो. आमच्या गल्लीत एक घर आहे, सासू-सासरे त्यांचा दहा किलो दोंडाईच्याला उचलतात, मुलगा-सून आणि दोन पोरं वीस किलो इथे उधन्यात. कार्डाला आधार जोडलेलं हवं आणि दुकानातल्या मशीनवर अंगठा उमटायला हवा. लूमवर, भांड्यावर काम करणाऱ्यांचे ठसे झिजलेले असतात, म्हणून घरातल्या दोघा-तिघांचं आधार जोडून ठेवा. एकाचा नाही उमटला तर दुसऱ्याचा उमटतो. जाण्याआधी "मेरा राशन" ॲपवर आपलं कार्ड बघून घ्या, म्हणजे दुकानदाराशी बोलताना आकडा आपल्याकडे असतो.

आणि कळण्याचं पीठ एकदम महिन्याचं दळून ठेवू नका, आठ-दहा दिवसांचंच दळा. जुनं झालं की भाकरी थापताना चिरते. गिरणीवाला पाच किलोच्या आत दळायला कुरकुर करतो, तर शेजारच्या दोघी मिळून टाका. आम्ही तिघी टाकतो, गुरुवारी.