गॅरेजच्या कोपऱ्यातली गोणी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मागच्या दिवाळीत माझा पुतण्या गाडी घेऊन घरी आला. सेकंडहँड, पण तब्येतीनं छान. एक लिटरचं छोटं टर्बो पेट्रोल इंजिन. चहा होतो न होतो तोच म्हणाला, "काका, कॅट काढून घ्यायचंय. तुमचाच एक विद्यार्थी करतो म्हणे. चला ना सोबत."

मी बावीस वर्षं आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा निदेशक होतो. नगरच्या एमआयडीसीत, केडगावात ज्यांनी गॅरेजं टाकली, त्यांतले बरेच माझ्या हाताखालून गेलेले. तेव्हा हा विद्यार्थी कोण, ते विचारावं लागलं नाही.

कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. बाहेरून पत्र्याचा डबा, आत मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम, रोडियम या धातूंचा अगदी पातळ थर. शाळेत शिकलेला उत्प्रेरक तो हाच. स्वतः खर्च होत नाही, पण विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड करतो, न जळलेलं पेट्रोल जाळतो आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा पुन्हा साधा नायट्रोजन करतो. तीनशे अंशांच्या आसपास तापला, की यातली बहुतेक घाण तिथंच संपते.

आता टर्बो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारी ही चक्की. मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबते. तिच्या लगेच पुढं कॅट बसवलेलं असतं. वाट मोकळी केली तर चक्की लवकर वेग घेते, हे खरं आहे; मी ते खोटं म्हणणार नाही. पण कंपनीनं त्या अडथळ्याचा हिशेब धरूनच इंजिन बांधलेलं असतं. नुसता डबा काढला तर हाती लागते थोडी ताकद, बराच आवाज आणि डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा. कारण कॅटच्या मागं बसलेला ऑक्सिजन सेन्सर चहाडी करतो. मग त्या सेन्सरला फसवायचं, मग गाडीच्या कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग बदलायचं.

गॅरेजात विद्यार्थ्यानं पाया पडून खुर्ची दिली. मी विषय काढताच हसून म्हणाला, "सर, सत्त्याण्णव साली तुम्हीच तर काढून दाखवलं होतं!"

मला पटकन उत्तर सुचेना. खरंच काढलं होतं. १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅट सक्तीचं झालं आणि तिथं शिसंविरहित पेट्रोल मिळू लागलं. देशभर ते मिळायला फेब्रुवारी २००० उजाडलं. मधल्या काळात मुंबई पासिंगची गाडी नगरला यायची, इथल्या पंपावर शिशाचं पेट्रोल प्यायची आणि शिशाचा थर बसून कॅट मरायचं. असा एक मेलेला डबा मी वर्गासमोर कापला आणि "इंजिनला श्वास मोकळा हवा" असं सांगितलं. पोरांनी श्वास लक्षात ठेवला, शिसं विसरली. की मीच नीट सांगितलं नव्हतं?

खरं तर आपल्या गावाला या बाबतीत अज्ञान शोभत नाही. वाहननगरला संरक्षण खात्याची व्हीआरडीई आहे. नवीन मॉडेलची गाडी तपासून प्रमाणपत्र देण्याचा अधिकार केंद्रीय मोटार वाहन नियमांनी देशातल्या मोजक्याच संस्थांना दिला आहे, त्यांत ही एक. म्हणजे ज्या गावात गाड्या धुरासकट तपासल्या जातात, त्याच गावात ग्राइंडरनं अर्ध्या तासात तो डबा उतरतो.

कायदाही स्पष्ट आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगीशिवाय गाडीत असा बदल केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागं पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पीयूसीचं म्हणाल, तर बीएस-४ नंतरच्या पेट्रोल गाडीला जागेवर चालू इंजिनात कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांच्या आत लागतो. कॅट नसेल आणि नळी प्रामाणिकपणे आत घातली, तर तो आकडा सांभाळणं अवघड. नायट्रोजनचे ऑक्साइड तर त्या तपासणीत मोजतच नाहीत. ते सिग्नलला मागं थांबलेल्या स्कूटीवाल्या पोरीच्या नाकात जातात. शिवाय हा कार्बन मोनॉक्साइड वास नसलेला. बंद शेडमध्ये गाडी चालू ठेवून काम करणाऱ्या माझ्या विद्यार्थ्याला त्याचा धोका गिऱ्हाइकापेक्षा जास्त.

बोलता बोलता माझी नजर कोपऱ्यातल्या गोणीवर गेली. तोंड सोडून पाहिलं, तर आत सात-आठ कापलेली कॅट. "ही कुणाची रे?"

"गिऱ्हाइकं नेत नाहीत, सर. भंगारवाला घेऊन जातो."

२०२०-२१ मध्ये महाराष्ट्रात इको गाड्यांचे सायलेन्सर रातोरात चोरीला जात होते, ते आठवत असेल. चोरांना पाहिजे होती ती आतली 'माती', म्हणजे हेच धातू. २०२१ मध्ये रोडियमचा भाव सोन्याच्या दहापटीहून वर गेला होता. एका डब्यात जेमतेम काही ग्रॅम, पण त्यासाठी चोर गाडीखाली झोपत होते. आणि इथं मालक मजुरी देऊन तोच माल आपण होऊन सोडून जात होते. हे ऐकल्यावर मात्र पुतण्याचा चेहरा बदलला. धुराचं व्याख्यान त्यानं तोवर मुकाट ऐकून घेतलं होतं, एवढंच. गाडी आली तशीच परत गेली.

पंधरा दिवसांनी विद्यार्थ्याचा फोन. "सर, एक गाडी पीयूसीत नापास झालीय. गिऱ्हाईक म्हणतं, कॅट परत बसवा. वेल्डिंगला तुम्ही येता का?"

गोणी सुदैवानं अजून विकली गेली नव्हती. त्या गाडीचं कॅट तळाशी सापडलं, जाळी शाबूत होती. दुपारभर लागलो. पिवळा दिवा काही लगेच विझला नाही. दोन-तीन दिवस गाडी फिरल्यावर विझला, असं त्यानं फोनवर कळवलं.