मेकन कौंटीतील विटा आणि वेस



विषयाचे नाव वाचून पुष्कळांना प्रश्न पडला असेल, की ही मेकन कौंटी कुठली? वस्तुतः आपल्यापैकी अनेकजण तेथे मनाने जाऊन आलेले आहेत. १९८१ साली वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ निघाले, तेव्हापासून टस्कीगी हे नाव मराठी घरांत परके राहिले नाही. ते गाव अमेरिकेच्या दक्षिणेतील अलाबामा राज्यात, याच कौंटीत आहे. कौंटी आपल्या तालुक्याएवढी. २०२० च्या शिरगणतीत तिची वस्ती वीस हजारही भरली नाही. आम्ही तेथे गेलेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमचा प्रवास पुस्तकांचा आणि नकाशांचा.

ही भूमी मूळची क्रीक लोकांची. १८३२ च्या तहाने ती त्यांच्या हातून सुटू लागली, त्याच वर्षी कौंटी स्थापन झाली, आणि चार वर्षांनी बहुतेक क्रीकांना पश्चिमेकडे हाकलण्यात आले. मागोमाग कापूस आला, कापसाबरोबर गुलाम आले. १८६५ साली गुलामगिरी संपली. कापूस मात्र राहिला आणि जमिनीचा कस खात राहिला. १८९६ मध्ये कार्व्हर आला तो या मातीत.

त्याच्या आधी पंधरा वर्षे, ४ जुलै १८८१ रोजी, बुकर टी. वॉशिंग्टन या पंचवीस वर्षांच्या शिक्षकाने कृष्णवर्णी मुलांसाठी एका चर्चजवळच्या मोडक्या खोपटात शाळा उघडली. सरकारने दोन हजार डॉलर दिले होते, पण ते पगारापुरते. जागा, इमारत काहीच नव्हते. तेव्हा एक उजाड मळा विकत घेऊन मुलांनी स्वतःच विटा पाडायला सुरुवात केली. तीन भट्ट्या फसल्या. वॉशिंग्टनने आपले घड्याळ गहाण टाकून चौथी लावली, ती साधली. घड्याळ काही सुटले नाही! मुलांनी पाडलेल्या विटांच्या इमारती आजही उभ्या आहेत आणि १९७४ पासून तो परिसर राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे.

येथवरची कथा आपल्या परिचयाची, आणि गोड. पुढची तितकीशी गोड नाही.

मनाशी एक चौकोन काढा. ही टस्कीगी गावाची वेस. १९५७ साली राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून तिची अठ्ठावीस बाजूंची वेडीवाकडी आकृती केली. सुमारे चारशे कृष्णवर्णी मतदारांपैकी चार-पाच सोडून सारे गावाबाहेर पडले. गोरा मतदार एकही नाही! आपली शिक्षणसंस्थासुद्धा वेशीबाहेर गेली. तेथलेच प्राध्यापक चार्ल्स गोमिलियन न्यायालयात गेले, आणि लोकांनी गावातल्या गोऱ्या दुकानदारांकडची खरेदी थांबवली. १४ नोव्हेंबर १९६० रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने गोमिलियन यांच्या बाजूने निकाल दिला. पुढे गावाला जुना चौकोन परत मिळाला.

त्यांचे वकील फ्रेड ग्रे पुढे आणखी एका खटल्यात उभे राहिले. त्याबद्दल बोलणे जड जाते, परंतु टाळणे बरे नव्हे. १९३२ पासून १९७२ पर्यंत अमेरिकी सरकारच्या आरोग्यखात्याने या भागातील सुमारे सहाशे गरीब कृष्णवर्णी पुरुषांवर एक ‘अभ्यास’ चालवला. त्यांतील ३९९ जणांना उपदंश होता. त्यांना खरा रोग सांगितला नाही. तुमचे रक्त बिघडले आहे, एवढेच सांगितले. पेनिसिलिनचा गुण सिद्ध झाल्यावरही ते त्यांना दिले नाही. रोग शेवटपर्यंत काय करतो, ते पाहायचे होते. आणि या कामी त्या विटांच्या संस्थेचे रुग्णालयही साहाय्यभूत झाले होते. अध्यक्ष क्लिंटन यांनी राष्ट्राच्या वतीने क्षमा मागितली ती १६ मे १९९७ रोजी.

आपल्यापैकी कोणाची मुले तिकडे असतील आणि तुम्हांला टस्कीगीला नेतील, तर कार्व्हरच्या थडग्यापाशी तुम्ही थांबालच; शेजारीच वॉशिंग्टनचेही आहे. तेथून गावच्या चौकापर्यंत मात्र पायी जा. अंतर मैलभर असेल. १९५७ ची ती वेस वाटेत तुमच्या पायाखाली येईल.