नीती, कायदा व राज्यव्यवहार यांचे एकत्र अध्ययन
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या विद्यार्थी-मेळाव्यात केलेले भाषण)



बारावीनंतर मुलांनी कोणती विद्या शिकावी, हा विषय महोत्सव समितीने आम्हास नेमून दिला आहे. विषय अफाट आहे, आणि विद्यापीठांची जंत्री वाचून दाखविण्याने कोणाचे हित होईल असे आम्हास वाटत नाही. म्हणून आम्ही एकाच पदवीविषयी बोलणार आहो. तिचे नाव काढताच आईबापांच्या कपाळास आठ्या पडतात. ती म्हणजे तत्त्वज्ञानाची पदवी. त्यातही नीतिशास्त्र, कायद्याचे तत्त्वज्ञान व राज्यविचार ही तीन अंगे एकत्र घेऊन केलेले अध्ययन.

ही त्रयी आजकालच्या कोणा प्राध्यापकाने जुळविलेली नव्हे. ॲरिस्टॉटलचा नीतिशास्त्रावरील ग्रंथ कोठे संपतो ते पाहावे. मनुष्याचे कल्याण कशात आहे, सद्गुण अंगी कसे बाणतात, याची चर्चा करीत तो शेवटी अशा ठिकाणी येतो की, नुसत्या उपदेशाने बहुतेक माणसे सुधारत नाहीत. चांगले वळण लागण्यास चांगले कायदे हवेत, आणि कायदे करावयाचे तर राज्यघटनांचा अभ्यास हवा. एवढे सांगून तो राज्यशास्त्राकडे वळतो. आम्ही सेमिनरीत ईशज्ञानाच्या आधी तत्त्वज्ञान शिकलो, तेव्हा संत थॉमस अक्वायनसची कायद्याची व्याख्या आमच्याकडून पाठ करून घेतली होती. कायदा हा विवेकाचा आदेश असावा, सर्वांच्या हितासाठी असावा, समाजाची जबाबदारी ज्याच्याकडे आहे त्याने केलेला असावा आणि तो जाहीर झालेला असावा. त्या एका व्याख्येत नीती, कायदा व सत्ता तिन्ही येऊन बसली आहेत. इंग्लंडातील ऑस्टिनने १८३२ साली याच्या उलट बाजू मांडली: कायदा काय आहे हा प्रश्न वेगळा, आणि तो चांगला की वाईट हा वेगळा. या पदवीच्या विद्यार्थ्यास दोघांचेही म्हणणे प्रामाणिकपणे मांडता आले पाहिजे. स्वतःच्या पक्षाचेच तेवढे येते तो विद्यार्थी नव्हे, वकीलही नव्हे.

हे सारे हवेतले वाटत असेल तर जमिनीवर येऊ. येथे बसलेल्यांपैकी पुष्कळांच्या घरी सातबाऱ्याचा उतारा ट्रंकेत जपून ठेवलेला असेल. मुंबई राज्यात १९४८ साली कूळ कायदा झाला, आणि पुढील दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ रोजी कूळ हे कसत्या जमिनीचे खरेदीदार मानले गेले. परंतु त्यापूर्वी कित्येक ठिकाणी कुळांनी 'राजीखुशीने' जमिनी मालकास परत केल्याचे कागद झाले होते. पुण्याच्या गोखले संस्थेतर्फे दांडेकर व खुदानपूर या अभ्यासकांनी पाहणी केली. त्यांचा अहवाल १९५७ साली प्रसिद्ध झाला, आणि अशा राजीखुशीपैकी पुष्कळ खरी नव्हती असा त्यांचा निष्कर्ष निघाला.

आता विचार करा. कागदावर अंगठा आहे. मग सोडचिठ्ठी वैध की अवैध? हा कायद्याचा प्रश्न. ज्याचे बी-बियाणे, कर्ज व पावसाळ्यातले धान्य मालकाच्या हाती आहे, त्याच्या 'हो'ला संमती म्हणावे काय? हा नीतीचा प्रश्न. आणि विधिमंडळाने कायदा करूनही ही फट का राहिली, ती कोणाच्या सोयीची होती? हा राज्यव्यवहाराचा. कुळाने जमीन सोडली तर ते लेखी असावे व मामलतदाराने पडताळून पाहावे, अशी तजवीज कायद्यात आहे. पण मामलतदाराने त्या कुळास विचारावयाचे काय? 'हा अंगठा तुझाच ना?' एवढेच विचारले तर पडताळणी एका क्षणात उरकते. 'नाही म्हणाला असतास तर तुझे काय झाले असते?' असे विचारले तर निराळेच उत्तर येईल. हा दुसरा प्रश्न ज्यास सुचतो, त्याचे शिक्षण झाले असे आम्ही म्हणू.

यावर कोणी म्हणेल, नीतिशास्त्र शिकल्याने मनुष्य नीतिमान होतो काय? होतोच असे नाही. मोठमोठे विद्वानही चुकतात. आणीबाणीत ज्यांना चौकशीवाचून तुरुंगात ठेवले होते, त्यांना न्यायालयात दाद मागता येते असे नऊ उच्च न्यायालयांनी म्हटले होते. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी ते नाकारले. सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी सरकारच्या महान्यायवादींना विचारले की, एखाद्या पोलिसाने वैरापोटी कोणाचा जीव घेतला तर उपाय काय? आणीबाणी चालू आहे तोवर काही नाही, असे उत्तर मिळाले. आमच्या मते त्या एका प्रश्नोत्तराने सरकारची बाजू पुरती उघडी पडली होती. खन्ना यांनी एकट्याने विरुद्ध मत लिहिले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्यास सरन्यायाधीश नेमण्यात आले, आणि त्यांनी राजीनामा दिला. पुढे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने जीविताचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असे ठरले. २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो जुना निकाल रद्द ठरविला. त्या चौघांत एक यशवंत चंद्रचूड होते, आणि २०१७ च्या निकालपत्रात त्या मताचा दोष दाखविणारे त्यांचे पुत्र धनंजय चंद्रचूड. वडिलांचे मत पुत्राने नाकारावे आणि त्यात वडिलांचा अनादर होऊ नये, हे साधणारी भाषा याच विद्येत मिळते.

आता पोटाचा प्रश्न. तो गौण आहे असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. कोणत्याही शाखेच्या पदवीधरास कायद्याचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम खुला आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत २०१३ पासून नीतिविषयाची २५० गुणांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे, आणि वैकल्पिक विषय म्हणून तत्त्वज्ञानही घेता येते. पत्रकारिता व अध्यापन हे मार्ग आहेतच. तथापि यांपैकी एकही मार्ग पदवी हाती पडताच पगार देणारा नव्हे. ज्या घरावर कर्ज आहे व थोरल्या मुलावर भावंडांची भिस्त आहे, त्या घरास आम्ही हा आग्रह करणार नाही. ज्यांना चार-पाच वर्षे थांबणे परवडते आणि तरी जे केवळ शेजाऱ्याच्या मुलाकडे पाहून शाखा निवडतात, त्यांना मात्र जरूर करू.

ही विद्या आपणास मानवेल की नाही हे कळण्यास प्रवेशशुल्क भरावे लागत नाही. प्लेटोचा 'क्रायटो' हा लहानसा संवाद एका बैठकीत वाचून होतो. सॉक्रेटिसास अन्यायाने देहान्त शिक्षा झाली आहे, मित्र पळून जाण्याची सोय घेऊन आला आहे, आणि तो नकार देतो. वाचून झाल्यावर सॉक्रेटिसाची चूक झाली की नाही हे एका पानात लिहावे, आणि दुसऱ्या पानावर त्याच्या उलट लिहावे. दुसरे पान लिहिताना ज्यास गोडी लागेल त्याने येत्या रविवारी सकाळच्या मिस्सानंतर आमच्याकडे यावे. सोबत आईबापांनाही आणावे.