शेवटची कर्जत लोकल
शनिवारी रात्री दादर स्टेशनात पाठीला फुगलेली सॅक लावलेली मंडळी दिसली, तर समजावं, ही शेवटच्या कर्जत लोकलची गिऱ्हाइकं. गिरगावातली, परळ-लालबागच्या चाळींतली पोरं कर्जतची वाट वर्षानुवर्षं तुडवताहेत. तंबू ठोकून रात्र काढायची तर राजमाचीचा किल्ला.

कर्जतहून कोंडिवडे गाठायचं, वाटेत कोंडाण्याची बौद्ध लेणी पाहायची आणि मग घाम काढणारी चढण. तेवढा दम नसेल तर लोणावळ्याहून सुमारे १५ किलोमीटरची वाट आहे. लांब, पण मायाळू. माचीवर उधेवाडी हे गाव आणि श्रीवर्धन, मनरंजन असे दोन बालेकिल्ले. गो. नी. दांडेकरांची ‘माचीवरला बुधा’ ही कादंबरी इथलीच. गावात पिठलं-भाकरी आधी सांगून ठेवावी. स्टोव्ह वाहण्याची हौस पहिल्या चढणीतच फिटते!

मे संपता संपता, पावसाच्या तोंडावर, इथली झाडंच्या झाडं काजव्यांनी लखलखतात. तेव्हा गेलात तर टॉर्च विझवा, काजवे बाटलीत कोंडू नका, आणि तंबू गावकऱ्यांना विचारूनच ठोका.