प्रतापगडच्या वाटेवरची काळी निशाणे



लोकांचा पाठिंबा ओसरू लागला की सत्तेवरच्या माणसाचे काय होते, हे पाहायला लांब जायला नको. यशवंतराव चव्हाणांची १९५६ ते १९६० ही चार वर्षे पाहिली तरी पुरे.

१ नोव्हेंबर १९५६ ला मराठी आणि गुजराती भाषकांचे द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले आणि त्रेचाळीस वर्षांचे यशवंतराव मुख्यमंत्री झाले. भाऊसाहेब हिरे यांचा पराभव करून, गुजरातच्या आमदारांच्या आणि मोरारजी देसाईंच्या पाठबळावर त्यांना हे पद मिळाले होते. म्हणजे ज्या माणसांनी खुर्ची दिली ती माणसे महाराष्ट्राला नकोशी, आणि ज्या महाराष्ट्राने जन्म दिला त्याला ही खुर्चीच नको होती. त्याआधी फलटणच्या सभेत त्यांनी संयुक्त महाराष्ट्रापेक्षा, म्हणजे मराठी भाषकांच्या एकत्र राज्यापेक्षा, नेहरूंचे नेतृत्व मोठे मानले होते. ते शब्द लोक विसरले नव्हते. ते विसरायला नको होते, असे माझेही मत आहे. त्या राज्यासाठीच्या आंदोलनात गोळीबारात मेलेल्यांच्या घरी सुतक असताना असा निवाडा देणे मराठी मनाला लागणारच.

१९५७ च्या निवडणुकीने हिशेब मांडला. हे आंदोलन चालवणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला धूळ चारली. खुद्द मुख्यमंत्री कराडमधून निसटत्या मतांनी वाचले. ३९६ पैकी २३४ जागा मिळवून सरकार टिकले खरे, पण ते गुजरात, विदर्भ आणि मराठवाडा यांच्या बळावर. तिकडे गुजरातेतही सुख नव्हते. वेगळ्या गुजरातसाठी इंदुलाल याज्ञिकांची महागुजरात जनता परिषद रस्त्यावर होतीच. इकडे आचार्य अत्र्यांचा ‘मराठा’ हा दैनिक रोज सकाळी मुख्यमंत्र्यांवर तुटून पडत असे. दोन्ही भाषांच्या लोकांना नको असलेले राज्य चालवायचे, आणि ते नीट चालले आहे असे दिल्लीला दाखवायचे! विरोधकांचा मारा माणूस सोसतो. आपण ज्याचे समर्थन करतो आहोत ते लोकांनी नाकारले आहे हे आतून कळत असताना रोज सही करायला बसणे, हा ताण त्याहून वाईट.

या टप्प्यावर बहुतेक सत्ताधारी दोनपैकी एक वाट धरतात. पोलीस वाढवतात, किंवा वरच्यांना गोड बातम्या पाठवतात. यशवंतरावांनी काय केले ते प्रतापगडावर दिसते.

३० नोव्हेंबर १९५७ ला शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण नेहरूंच्या हस्ते व्हायचे होते. समितीने काळी निशाणे दाखवण्याचे ठरवले. पंतप्रधान येणार, आणि तेही काँग्रेसच्या मुख्यमंत्र्याच्या जिल्ह्यात! निदर्शने चिरडण्याचा मोह केवढा असेल, याची कल्पना करा. समितीचे एसेम जोशींसारखे नेते शांततेचा शब्द देत होते, आणि सरकारनेही डोके शांत ठेवले. वाईपासून वरपर्यंत माणसांच्या रांगा उभ्या राहिल्या, काळी निशाणे फडकली आणि तो दिवस गोळीबाराविना गेला. महाराष्ट्राचा राग कागदावरच्या अहवालातून न येता नेहरूंच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. त्या दिवशीचा संयम दोन्ही बाजूंचा होता, पण बंदोबस्ताची सूत्रे ज्याच्या हाती असतात त्याच्या संयमाची किंमत मी जास्त धरतो.

पुढे दिल्लीत काय पोचवायचे, हे त्यांनी हळूहळू बदलले. द्वैभाषिक लोकांच्या गळी उतरत नाही, ही गोष्ट पक्षश्रेष्ठींच्या कानी घालायला त्यांना काळ लागला. फार काळ लागला, असेही म्हणता येईल. पण द्वैभाषिकाचा मुख्यमंत्रीच ते टिकणार नाही असे सांगू लागला, तेव्हा ते दिल्लीला ऐकावे लागले. १९५९ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्ष झालेल्या इंदिरा गांधींनी विभाजनाचा विचार पुढे नेला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला.

तो कोणी मिळवला, यावर आजही वाद होतात. माझे उत्तर स्पष्ट आहे: तो आंदोलनातल्या १०६ हुतात्म्यांनी आणि समितीमागे उभ्या राहिलेल्या सामान्य माणसांनी मिळवला. यशवंतरावांचे श्रेय एवढेच, की त्यांनी त्या माणसांना शत्रू मानले नाही. एवढेच म्हणतो आहे, पण सत्तेत असताना ते किती कठीण असते, हे आजूबाजूला पाहून तुम्हीच ठरवा. १९६२ मध्ये त्याच मतदारांनी काँग्रेसला २६४ पैकी २१५ जागा दिल्या.

सीमाभागाचे दुःख मात्र दिल्लीला तितक्या ताकदीने कोणीच ऐकवले नाही. बेळगाव, निपाणी, कारवार महाराष्ट्राबाहेर राहिले. त्यासाठी महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा अजून निकाली निघालेला नाही.