चाकोरी, खोबण आणि सुरकुती

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला कोशावर फार विसंबून राहावें लागतें, आणि कांहीं ठिकाणीं कोश त्याला हटकून फसवितो. 'ग्रूव्ह', 'फरो' आणि 'रट' हे तीन शब्द त्यानें एखाद्या लहान कोशांत पाहिले, तर तिन्हींपुढें 'चर', 'खांच', 'खोबण' असेच शब्द थोड्याफार फरकानें हातीं लागतात. नुसता आकार पाहिला तर तें खोटेंही नाहीं. तिन्ही ठिकाणीं पृष्ठभागावर एक लांबट, अरुंद आणि खोलगट रेषा असते. परंतु आजोबांच्या कपाळावर 'रट' पडल्या आहेत असें त्यानें लिहिलें, कीं इंग्रज वाचकाच्या डोळ्यांपुढें कपाळावरून गेलेली बैलगाडी उभी राहते!

नभोवाणीवर तर ही अडचण अधिकच जाणवते. वस्तु श्रोत्याला दिसत नाहीं. जें चित्र उभें राहावयाचें तें एका शब्दाच्या बळावर. म्हणून पृष्ठभागाच्या चढउतारांना इंग्रजीनें नांवें कोणत्या हिशेबानें दिलीं, हें पाहणें उपयोगाचें आहे. तो हिशेब थोडक्यांत असा कीं, हे शब्द आकाराचें वर्णन करतात त्याहून अधिक त्या आकाराची जन्मकथा सांगतात. रेषा कोणी पाडली, कशानें पाडली, आणि ती पडावी अशी कोणाची इच्छा होती काय, या प्रश्नांच्या उत्तरांवर नांव ठरतें.

प्रथम 'ग्रूव्ह' घ्या. जुन्या इंग्रजींत या शब्दानें खाणीचा खड्डा दाखविला जाई. पुढें त्याचा अर्थ आकुंचित होऊन हत्यारानें मुद्दाम कोरलेली खोबण असा झाला. खोबणींत कांहीं तरी बसावयाचें किंवा सरकावयाचें असतें. सरकत्या दाराची फळी, कप्पीच्या कडेवरील दोर, बंदुकीच्या नळीच्या आंतले पिळदार चर, हीं सारीं 'ग्रूव्ह'चीं उदाहरणें. सर्वांत परिचित उदाहरण ध्वनिमुद्रिकेचें. एडिसननें १८७७ सालीं कथिलाच्या वर्खावर आवाज उमटविला, तेव्हां त्याची सुई खालींवर होऊन चराची खोली कमीअधिक करीत असे. बर्लिनरनें १८८७ सालीं ज्या यंत्राचा पेटंट-हक्क मागितला, त्यांतील सुई आडवी डोलत असे. तबकडीच्या एका बाजूस जीं शेंकडों वर्तुळें दिसतात, तीं वास्तविक कडेपासून मध्याकडे वळत गेलेली एकच अखंड खोबण होय. १९४८ सालीं अमेरिकेंत कोलंबिया कंपनीनें लांब वाजणारी तबकडी बाजारांत आणली. तबकडीचा वेग कमी करणें आणि ही खोबण बारीक करणें, या दोन गोष्टींवर तिची सारी मदार होती.

'फरो' म्हणजे नांगराचें तास. येथेंही हेतु आहे. पण कांहीं सरकण्यासाठीं तास घालीत नाहींत, तर बीं पडण्यासाठीं घालतात. दोन तासांमधील वरंब्याला इंग्रजींत 'रिज' म्हणतात, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ 'पाठ' असा आहे. जनावराच्या पाठीचा उंच कणा डोळ्यांपुढें आणला म्हणजे डोंगराच्या धारेला आणि घराच्या आढ्याच्या वरच्या रेषेला तोच शब्द कां लावतात, हें उमगतें. चिंतेनें आंठ्या पडलेल्या कपाळाला इंग्रज लेखक 'फरो' हा शब्द लावतो. विचारानें तेथें नांगर धरला आहे, अशी ती कल्पना.

'रट' मात्र कोणीच मुद्दाम पाडीत नाहीं. ओल्या मातींतून एक गाडी जाते, तिच्या मागोमाग दुसरी, आणि चाकांच्या घर्षणानें रस्त्यावर दोन खोल चर पडतात. पुढल्या गाडीवानाला इच्छा असो वा नसो, त्यांतूनच जावें लागतें. मराठींत यासाठीं 'चाकोरी' हा अगदीं नेमका शब्द आहे, आणि त्यांतील चाक तर उघडच दिसतें.

हा भेद केवळ पंडिती नव्हे. अमेरिकन जाझ वादकांच्या बोलींतून १९३० च्या दशकांत 'इन द ग्रूव्ह' हा वाक्प्रचार रूढ झाला. वादकाची तंद्री लागली, हात बिनचूक चालूं लागला, असा त्याचा अर्थ. याच्या उलट 'इन ए रट' म्हणजे चाकोरींत अडकलेला, नवें कांहीं न सुचणारा. आकार दोहोंचा एकच. पण कोरलेल्या खोबणींत चालणें ही स्तुति, आणि झिजलेल्या चाकोरींत चालणें ही निंदा! एखाद्या गवयाच्या परीक्षणांत या दोन शब्दांची अदलाबदल झाली, तर गौरवाचा अपमान होण्यास एवढी एक चूक पुरेशी आहे. चाकोरीबाहेरच्या माणसाचें कौतुक करणाऱ्या मराठी माणसाला हा भेद शिकवावा लागूं नये. त्याला फक्त कोणत्या इंग्रजी शब्दांत चाक आहे आणि कोणत्यांत पटाशी आहे, तेवढें ओळखावयाचें असतें.

आतां मऊ पदार्थांकडे वळूं. कापड किंवा कागद दुमडला कीं 'फोल्ड', म्हणजे घडी. मोजून-मापून एकीवर एक घातलेल्या घड्या म्हणजे 'प्लीट'. आपल्याकडील निऱ्या त्याच जातीच्या. घडी उलगडल्यावर मागें जी रेषा राहते ती 'क्रीज', आणि कोणी न घालतां पडते ती 'रिंकल'. विजारीला इस्त्रीची 'क्रीज' असणें ही टापटीप, आणि तिच्यावर 'रिंकल' असणें हा गबाळेपणा. येथें मराठी एक पाऊल पुढें आहे. कपड्याला बहुधा चुण्या पडतात आणि कातडीला सुरकुत्या. इंग्रजी मात्र दोहोंना एकाच शब्दांत गुंडाळते. त्याच अर्थाच्या लॅटिन शब्दापासून 'कॉरुगेटेड' हें विशेषण निघालें. लंडनमध्यें हेन्री पामर यानें १८२९ सालीं ज्या नागमोडी पत्र्याचा पेटंट-हक्क घेतला, तो पत्रा शब्दशः 'सुरकुतलेला' आहे. पण या सुरकुत्या म्हातारपणाच्या नव्हेत, त्यांच्यामुळेंच पातळ पत्र्याला ताठपणा येतो.

'क्रीज' म्हटल्यावर क्रिकेटच्या मैदानाची आठवण होणारच. आज ती चुन्याची पांढरी रेघ असते, आणि तिच्यांत खोलगटपणा कांहींच नसतो. पण आरंभीं ही रेषा हिरवळींत कोरून काढीत. पांढरी रेघ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आली. खूण बदलली, नांव राहिलें.

क्रिकेटच्याच जुन्या काळांत धांवा मोजण्यासाठीं काठीला खांचा पाडीत, आणि धांवेलाच 'नॉच' म्हणत. 'नॉच' म्हणजे कडेला कापून काढलेली खांच. तिच्यांत पदार्थाचा तुकडा निघून जातो, हें तिचें लक्षण. इंग्लंडच्या राजकोषांत कित्येक शतकें पैशाचा हिशेब अशाच खांचांच्या काठ्यांवर ठेवीत. ही रीत बंद पडल्यावर, १८३४ सालच्या ऑक्टोबरांत, त्या काठ्या पार्लमेंटच्या इमारतींतील भट्ट्यांत जाळण्यांत आल्या, आणि त्या आगीनें पार्लमेंटच जळून गेलें.

'डेंट'ची गोष्ट निराळी. 'डिंट' म्हणजे प्रहार. 'डेंट' हें त्याचेंच दुसरें रूप. पदार्थ कोठें जात नाहीं, नुसता आंत दबतो. तांब्याला पोचा येतो तो 'डेंट', आणि करवतीनें फळीच्या कडेला पाडलेली 'नॉच'. पोचा ठोकून काढतां येतो; खांच भरून येत नाहीं. प्रहाराचा मागमूस नसलेली लहानशी गोल खळी म्हणजे 'डिंपल'. हा शब्द गालाचा, म्हणून गोड. गोल्फच्या चेंडूवर पूर्वीं बारीक उंचवटे असत. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं त्यांच्या जागीं खळ्या आल्या, आणि त्यांनाही नांव गालावरील खळीचेंच मिळालें. या खळ्यांमुळें हवेचा अडथळा कमी होऊन चेंडू गुळगुळीत चेंडूपेक्षां पुष्कळ दूर जातो.

शेवटीं एक जोडी अशी, कीं जिच्यांत चूक होणें परवडत नाहीं. 'स्क्रॅच' म्हणजे ओरखडा, आणि 'क्रॅक' म्हणजे तडा. डोळ्यांना दोन्ही केसासारख्या रेषाच दिसतात. परंतु ओरखडा पृष्ठभागावर थांबतो, तडा पदार्थाच्या आंत शिरतो. आणि ओरखडा सहसा आहे तेवढाच राहतो, तडा वाढत जातो. जेट एंजिनावर चालणारें जगांतील पहिलें प्रवासी विमान जें 'कॉमेट', त्या जातीचीं दोन विमानें १९५४ सालच्या जानेवारींत व एप्रिलांत इटलीजवळच्या समुद्रांत कोसळलीं. तेव्हां फार्नबरो येथील शास्त्रज्ञांनीं तसल्याच एका विमानाचें धड पाण्याच्या टाकींत ठेवलें, आणि उड्डाणांत हवेचा दाब चढतो-उतरतो त्याप्रमाणें आंतील दाब पुन्हां पुन्हां कमीअधिक केला. अखेर तें धड फाटलें. पत्र्यांतील छिद्रांच्या कोपऱ्यांशीं धातूच्या थकव्यानें तडे जात होते, हें उघडकीस आलें. विमान तपासणाऱ्या कारागिराच्या वहींत 'स्क्रॅच' लिहिलें गेलें तर पुष्कळदां किरकोळ दुरुस्ती पुरते. 'क्रॅक' लिहिलें गेलें तर विमान बहुधा जमिनीवरच ठेवावें लागतें. त्या वहीवर विसंबून कित्येक जीव आकाशांत जातात.

तेव्हां इंग्रजी लिहितांना असा एखादा शब्द अडला, तर कोशाचें पान उलटण्यापूर्वीं वस्तूलाच विचारावें: ही रेषा कोरली, झिजली, दुमडली कीं फुटली? पदार्थ गेला कीं नुसता दबला? ती कोणाला हवी होती काय? आपल्या घरांतल्या, शेतांतल्या आणि सुताराच्या बोलींत याचीं उत्तरें खोबण, तास, चाकोरी, चुणी, पोचा, तडा अशा शब्दांनीं आधींच देऊन ठेवलीं आहेत. नेमका मराठी शब्द ज्याला आठवला, त्याला इंग्रजी शब्द निवडणें मग फारसें अवघड जात नाहीं.