धावण्याची सुरुवात

धावायला कोणी शिकवावे लागत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. मूल चालू लागले की थोड्याच दिवसांत दुडुदुडु धावूही लागते. अडचण येते ती पुढे, कचेरीतील खुर्चीवर वीस वर्षे काढल्यानंतर एखाद्या सकाळी मनुष्य पुन्हा धावू पाहतो तेव्हा. शाळेतल्या शर्यतीची आठवण मनात ताजी असते. तो त्या आठवणीच्या वेगाने निघतो, दोनशे पावलांत धापा टाकू लागतो आणि धावणे आपल्या प्रकृतीला मानवत नाही असा निष्कर्ष काढून घरी परततो. वास्तविक प्रकृतीला मानवत नाही तो वेग होय.

बिल बाउअरमन हे अमेरिकेतील ऑरेगन विद्यापीठात धावपटूंना शिकवीत असत. १९६२ सालच्या डिसेंबरात ते न्यूझीलंडला गेले. तेथे आर्थर लिडियर्ड यांनी ऑकलंडमधील मध्यमवयीन मंडळींना, त्यांत हृदयविकारातून उठलेलेही काही होते, सावकाश धावण्याची गोडी लावली होती. पन्नाशी उलटलेले बाउअरमन एका सकाळी या मंडळींबरोबर निघाले आणि चढ लागताच मागे पडले. सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ त्यांच्या सोबतीसाठी मागे राहिले व गप्पा मारीत धावू लागले. पण बाउअरमन यांच्यापाशी उत्तर देण्याइतकाही दम उरला नव्हता. मायदेशी परतल्यावर त्यांनी सामान्य नागरिकांना हेच संथ धावणे शिकविले, आणि १९६७ साली एका हृदयरोगतज्ज्ञाच्या साह्याने त्यावर पुस्तकही लिहिले.

त्या वृद्ध गृहस्थांच्या गप्पांतच नवशिक्याचे मोजमाप आहे. सोबत्याशी पुरे वाक्य बोलता येईल, इतक्याच वेगाने धावावे. वाक्य तुटू लागले की चालावे. आरंभी मिनिटभर धावणे व दोन मिनिटे चालणे, असा वीस मिनिटांचा क्रम एक दिवसाआड ठेवला तरी पुष्कळ झाले. यात लाज वाटण्याजोगे काही नाही. पाहणाऱ्यांना आपल्याकडे लक्ष देण्याइतकी सवड नसते.

खरा धोका पहिल्या दिवशी नसून दुसऱ्या महिन्यात असतो. श्वास काही आठवड्यांतच सुधारतो, उत्साह वाढतो, आणि मनुष्य अंतर दुप्पट करतो. परंतु हाडे आणि स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा इतक्या लवकर तयार होत नाहीत. त्यांना महिनोन्‌महिने लागतात. मग नडगी दुखू लागते किंवा टाच सकाळी जमिनीवर टेकवत नाही. सर्व पाय आंबणे ही साधी गोष्ट होय. मात्र हाडावर एकाच जागी बोट ठेवताच कळ येत असेल, तर धावणे बंद करून वैद्यकीय सल्ला घ्यावा.

बुटांविषयी फार काथ्याकूट नको. पाय दिवसभरात किंचित सुजतात, म्हणून बूट संध्याकाळी घ्यावेत आणि पुढे अंगठाभर जागा राहू द्यावी. सुती मोजे घाम धरून ठेवतात व फोड आणतात. जांघेत व काखेत घासत असल्यास व्हॅसलीन लावावे.

हवेचा विचार मात्र गावोगाव निराळा करावा लागतो. घाम वाळताना शरीर निवते. मुंबई किंवा चेन्नईच्या दमट हवेत तो वाळतच नाही, त्यामुळे तेथे पारा फार चढलेला नसतानाही उष्माघाताचे भय असते. नागपूरच्या उन्हाळ्यात सूर्योदयापूर्वीच आटोपावे. उलट दिल्लीच्या हिवाळ्यात पहाटेची हवा धुराने कोंदलेली असते. अशा दिवशी घरातच व्यायाम केलेला बरा. रस्त्यावर उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे धावावे. कुत्रे अंगावर आल्यास धावणे थांबवून शांतपणे चालत निघून जावे.

जिम फिक्स हे अमेरिकन लेखक पस्तिसाव्या वर्षी धावू लागले, वजन उतरविले, सिगारेट सोडली, आणि १९७७ साली त्यांचे धावण्यावरील पुस्तक अतोनात खपले. १९८४ साली, बावन्नाव्या वर्षी, धावत असतानाच हृदयविकाराने त्यांचा अंत झाला. त्यांचे वडीलही त्रेचाळिसाव्या वर्षी हृदयविकारानेच गेले होते. धावण्याने फिक्स यांचे आयुष्य कदाचित वाढलेही असेल. पण घराण्यातील दुखणे त्याने पुसले गेले नाही. म्हणून चाळिशीनंतर, किंवा मधुमेह, रक्तदाब वा घरात हृदयविकार असल्यास, आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. धावताना छाती दाटली, डाव्या हातात वा जबड्यात कळ आली, तर तेथेच थांबून मदत मागावी आणि घरी न जाता थेट रुग्णालय गाठावे. त्यासाठी खिशात भाड्यापुरते पैसे आणि घरच्या माणसाचे नाव व दूरध्वनी लिहिलेली चिठ्ठी असावी.